कड्याकडे तोंड करून

आधी गाव कसं बसलंय ते सांगायला हवं, नाहीतर हाकवालीचं आयुष्य काही कळायचं नाही.

डोंगराच्या अंगावर पायरीसारखी एक सपाट जागा आहे, तिथं मधलं गाव. दुकान, शाळेच्या खोल्या, दवाखाना, लोहाराची भट्टी, सगळं त्या पायरीवर. वर चढून गेलं की माथ्यावरची वाडी. तिथं वारा फार, झाड कमी, आणि माणसंही वाऱ्यासारखीच, आली की दार आपटून जाणारी. समोर ओढ्याच्या पल्याड पलीकडची वाडी. दिसायला हाताच्या अंतरावर, तिकडच्या दोरीवर कुणाचं लुगडं वाळतंय तेही इकडून ओळखू येतं. पण जायचं म्हटलं तर ओढ्यात उतरा, पुन्हा चढा, गुडघे बोलायला लागतात. आणि चौथी खळग्यातली वाडी. ती गावाच्या अगदी पायाशी, पण दिसत मात्र नाही. पोट सुटलेल्या माणसाला आपले पाय दिसत नाहीत ना, तसं. मध्ये डोंगराचा फुगवटा आहे. पूर्वी त्या फुगवट्यावरून एक पायवाट सरळ खाली उतरायची. एका वर्षी ती दगडमातीसकट ढासळली, तेव्हापासून कड्याला मोठा वळसा घालून जावं लागतं. सकाळी निघालेल्या माणसाची सावली तिथं पोचेपर्यंत लांब झालेली असते.

तर अशा ह्या चार वस्त्या. एकमेकींना धरून, आणि तरी एकमेकींपासून लांब. सख्ख्या जावांसारख्या म्हणा.

हाकवाली मूळची माथ्यावरची. लहानपण शेळ्यांमागं गेलं. एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावरच्या शेळीला बोलवायचं, तर आवाज नाजूक ठेवून कसं चालेल? लग्न होऊन ती मधल्या गावात लोहाराच्या घरी आली, तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "सूनबाई, घरात जरा खालच्या आवाजात बोलत जा. फळीवरची भांडी हलतात."

"हाच खालचा आहे, आत्या," ती म्हणाली. उद्धटपणानं नाही, खरंच तसं होतं म्हणून.

नवरा लोहार. ऐरणीनं त्याचे कान तरुणपणीच खाल्ले होते. लोक म्हणायचे, देवानं जोडा बरोबर जमवला, ही ओरडणार आणि ह्याला ऐकू येणार नाही, भांडणाचा प्रश्नच मिटला. त्यावर ती म्हणायची, "भांडायला कान कशाला लागतात? त्यांना माझे डोळे दिसतात ना."

हाका घालायचं काम तिच्याकडे कुणी सोपवलं नव्हतं. पलीकडच्या वाडीत एक बाई अडली होती आणि सुईण होती माथ्यावर. माणूस पळत निघाला, ओढा उतरून चढून भट्टीशी आला आणि धापा टाकत बसला. हाकवालीनं त्याच्या हातात पाणी दिलं, स्वतः गोठ्याच्या भिंतीवर चढली आणि वर तोंड करून हाक टाकली. त्याचं पाणी संपायच्या आत सुईण अर्धा डोंगर उतरली होती. ते बाळ पुढे मोठं होऊन गवंडी झालं. गावात कुणाची भिंत बांधताना त्याला कुणी म्हणालं की लवकर आटप, तर तो म्हणायचा, "माझी सगळी घाई जन्मतानाच झाली."

तेव्हापासून रीतच पडली. काही सांगायचं असलं की माणूस हाकवालीकडे यायचा. कुणाची शेळी सापडली, कुणाचा पाहुणा आला, डॉक्टर आज बसणार आहेत, नांगराचा फाळ तयार आहे, घेऊन जा. आणि मरणही. मरणाची हाक ती वेगळी टाकायची. आधी नुसताच लांब सूर, मग थोडं थांबणं, म्हणजे ऐकणाऱ्यानं हातातलं काम खाली ठेवावं, आणि मग नाव.

आणि प्रत्येक वाडीची जागा वेगळी. माथ्याला हाक घालायची तर गोठ्याच्या भिंतीवरून. पलीकडच्या वाडीला भट्टीच्या अंगणातल्या दगडावरून. खळग्याची तऱ्हाच न्यारी. खळग्यातून वारा कायम वर येतो. खळग्याकडे तोंड करून कितीही ओरडा, हाक वाऱ्यावर बसून आपल्याच तोंडावर परत येते. म्हणून ती गावाबाहेरच्या सपाट खडकावर जायची, खळग्याकडे चक्क पाठ करायची आणि समोरच्या कड्याला हाक मारायची. कडा ती उचलायचा आणि खळग्यात टाकायचा. नवखा माणूस बघून म्हणायचा, "ही बाई रुसलीय की बोलावतेय?"

दुपारी मात्र ती अंगणातल्या दगडावर उभी राहून एकट्या नवऱ्याला हाक मारायची, "जेवायला चला." बहिऱ्याला हाक मारते म्हणून पोरं हसायची. पण त्यात एक गंमत होती. भट्टीची एक बाजू पत्र्याची होती. तिनं दगडावरून हाक मारली की पत्रा थरथरायचा. लोहार त्या वेळेला भाता थांबवून तळहात पत्र्यावर ठेवून बसायचा. पत्रा हलला की उठायचा, हात धुवायचा. त्यांना एक मुलगा आणि एक लेक. लेक लहान असताना बापाशेजारी आपलाही हात लावायची. "आई आली," म्हणायची. आई अंगणात असायची, आणि लेकीच्या मते आली असायची पत्र्यात.

ह्या लेकीचं लग्न खळग्यात झालं.

पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा ती माहेरी आली होती. चुलीपाशी बसून आईला म्हणाली, "आई, एवढ्यात कुणाला बोलू नकोस. मला जरा भीती वाटते." आईनं मान डोलावली. तिच्या मनात खरंच होतं गप्प राहायचं. पण आनंद असा पोटात राहतो का? लेक परत सासरी निघाली, वळणापलीकडे गेली, आणि हिला राहवलं नाही. सपाट खडकावर गेली, पाठ केली आणि विहिणीला हाक टाकली, "पाळणा काढून ठेवा हो, माळ्यावरचा."

विहिणीला एकटीला कशी ऐकू जाईल? चारही वस्त्यांनी ऐकलं. लेक वाटेत होती, तिनंही ऐकलं. घरी पोचेस्तोवर शेजारणी दारात उभ्या.

ते मूल राहिलं नाही.

मग सगळेच समाचाराला आले, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. माथ्यावरून आले, पलीकडून आले. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण येणाऱ्या प्रत्येकाला लेकीनं पहिल्यापासून सांगायचं, बसायला पाट द्यायचा, पाणी द्यायचं. सगळे गेल्यावर हाकवाली गेली. लेक वर बघेना. म्हणाली, "तू गप्प बसली असतीस तर माझं दुःख माझ्यापुरतं राहिलं असतं. आता ह्या वाडीवर तुझी हाक नको."

"नाही टाकणार," आई म्हणाली.

आणि खरंच नाही टाकली. पुढे लेकीला दोन मुलगे झाले, ते रस्त्यानं जाणाऱ्या कुणाकडून तरी कळलं. लेक माहेरी यायची, नाही असं नाही. पण यायची ती भट्टीत, बापाजवळ. त्याच्याजवळ बसलं की बोलावं लागत नसे. निघताना आईला "बरी आहेस ना" विचारायची, आई "बरी आहे" म्हणायची. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण ते दोन शब्द चुलीपलीकडे जायचे नाहीत. पायवाट ढासळली तशी ही चक्करही थांबली.

खळग्यातले लोक मात्र चिडले. डॉक्टर येऊन गेले की त्यांना कळायचं. कुणी गेलं तर माती होऊन गेल्यावर कळायचं. दुकानात गाठ पडली की टोमणे सुरू, "काय हो, आमच्या वाडीनं तुमचं काय घोडं मारलंय? पोरगी आम्हाला दिली आणि आवाज ठेवून घेतला?"

हाकवाली गूळ बांधून घ्यायची आणि म्हणायची, "वारा आडवा आहे." कुणालाच दुसरं कारण कळलं नाही. लोहारालाही तिनं सांगितलं नव्हतं.

म्हातारपणी घशात गाठ निघाली. शहरात नेऊन काढली. गाठ साधी होती, पण जाताना आवाज घेऊन गेली. राहिली ती कुजबूज. गाव हळहळलं, आणि काही जण गुपचूप सुखावलेही, कारण पहाटेची झोप आता मोडत नव्हती. निरोप पुन्हा पायी जायला लागले. दुकानात फोन आला, माथ्यावर आला, पलीकडेही आला. खळग्यात काही त्याची तार उतरली नाही.

लोहाराला कुजबूज आणि हाक सारखीच. तो पूर्वीसारखा तिच्या ओठांकडे बघून बोलायचा. फक्त दुपारी भाता थांबवून तो पत्र्यावर हात ठेवायचा, आणि पत्रा हलायचा नाही. ती जवळ जाऊन खांद्याला हात लावायची, तेव्हा उठायचा. सवय मोडत नाही म्हणून ठेवतो, म्हणायचा.

आता आवाज जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि लोहार अंथरुणाला खिळला. छाती भरली होती. त्यानं खाट भट्टीत आणवली, पत्र्याला लागून. दवाखान्यातली नर्स सकाळी येऊन बघून गेली. जाताना अंगणात थांबून म्हणाली, "मावशी, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. उद्याचं मी सांगू शकत नाही."

शहरातल्या मुलाला दुकानातून फोन गेला, तो निघाला. लोहारानं हळूच हात हलवून हाकवालीला जवळ बोलावलं.

"पोरगी?" त्यानं विचारलं. तेवढंच.

घरात तेव्हा सून होती. गुणाची, पण बोलणं असं की चुलीला सुद्धा पुढं वाकून ऐकावं लागेल. आणि शेजारचा कुंभार आला होता. हा लोहाराचा जुना मित्र, दोघांचीही आयुष्यं आगीशेजारी गेलेली.

"मी जातो वळशानं," कुंभार म्हणाला.

"भावजी, तुमच्या पायांनी तुम्ही पोचेपर्यंत दिवे लागतील," हाकवाली कुजबुजली. "ती उद्या निघणार. उद्या कुणी बघितलाय?"

"मग हाकच घालावी लागणार."

"हाक नाही. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

उत्तराला न थांबता कुंभार उठला, सरळ गावाच्या टोकाला गेला आणि फुगवट्यावर उभा राहून खळग्याकडे तोंड करून ओरडला. पुन्हा ओरडला. शेवटी खोकत खोकत परत आला. "वारा सगळं तोंडातच कोंबतोय," म्हणाला. "वारा आडवा आहे म्हणायचात, ते खोटं नव्हतं तर."

"अर्धंच खरं होतं," हाकवाली म्हणाली.

सून इतका वेळ खाटेपाशी बसून होती. सासऱ्याचा हात पत्र्यावर होता, उघडा, वाट बघत असल्यासारखा. ती उठून बाहेर आली.

"आई, शब्द तुम्ही दिलाय. मी नाही दिला. मी टाकते हाक."

हाकवालीनं तिच्याकडे असं बघितलं, जसं मांजर भुंकल्यावर कुणी बघेल. "तू?"

"मी. तुम्ही फक्त दाखवा कसं ते."

दोघी सपाट खडकावर गेल्या, कुंभार मागून.  हाकवालीच्या मनात काय चाललं होतं ते उघड होतं. हाक कुणाच्याही तोंडून गेली तरी ती चार वाड्या ऐकणार. बाप जातोय असं ओरडलं तर लेकीनं पायात चप्पल घालायच्या आत तिच्या दारात माणसं जमणार, पाट मांडावे लागणार, पहिल्यापासून सांगावं लागणार. एकदा झालं तेच पुन्हा. आणि नाही ओरडलं तर लेक येणार नाही, आणि तो हात तसाच पत्र्यावर राहणार.

खडकावर सून साहजिकच खळग्याकडे तोंड करून उभी राहिली. हाकवालीनं तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला वळवलं.

"पाठ कर तिच्याकडे."

"आणि बोलू कुणाशी?"

"कड्याशी. त्याला सांगायचं, तो सांगतो." मग तिनं आपला तळवा सुनेच्या पाठीवर ठेवला, बरगड्यांच्या खाली. "इथून. मोठ्यानं नको ओरडू, लांब ओरड. मोठा आवाज फुटतो, लांब आवाज जातो."

"काय म्हणू?"

 हाकवालीनं सुनेच्या कानाला तोंड लावून सांगितलं. सून चमकली. "एवढंच? त्यातून कुणाला काय कळणार?"

"कुणाला कळू नये म्हणूनच," हाकवाली म्हणाली.

सुनेनं श्वास भरला. पहिली हाक अर्ध्यावर चिरकली. कुंभारानं शहाणपणानं दुसरीकडे बघितलं. दुसरी मात्र निघाली, बारीक, सुतासारखी, पण न तुटता. कड्यावर जाऊन लागली, आणि मग खाली, फुगवट्यापलीकडे, कुठेतरी उतरताना ऐकू आली.

"पत्रा गप्प आहे... हात लावून बसलेत..."

तीनदा टाकली. मग तिघं उभे राहिले. खालून वर नुसता वारा येत होता.

चार वाड्यांनी ती हाक ऐकली आणि चार वाड्या बुचकळ्यात पडल्या. माथ्यावरून दुकानात फोन आला, लोहाराकडे पत्र्याचं काय झालंय? आणि पलीकडच्या वाडीतला तो गवंडी, घाईत जन्मलेला, हातोडी आणि मूठभर खिळे घेऊन ओढा उतरून चढून खरोखरच आला. "कुठला पत्रा उडालाय?" त्यानं विचारलं. कुंभारानं त्याला ओट्यावर बसवलं, आतल्या खाटेकडे बोट दाखवलं. गवंड्यानं हातोडी हळूच जमिनीवर ठेवली आणि टोपी काढून तिथंच बसून राहिला.

खडकावर मात्र अजून तिघंच होते तेव्हाची गोष्ट. सून पुन्हा हाक टाकायला वळणार, तोच खालून आवाज आला.

कुंभारानं हाकवालीकडे बघितलं, मग खळग्याकडे, मग पुन्हा हाकवालीकडे. कारण आवाज तिचाच होता. गाठ निघायच्या आधीचा, गोठ्याच्या भिंतीवरून सुईणीला बोलावणारा, भांडी हलवणारा. तो वाऱ्यावर चढून वर आला, एकच शब्द घेऊन.

"निघाले..."

लेकीनं जन्मात कधी हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. सासरी ती कमी बोलणारी म्हणून नावाजलेली. आवाज होता, तो तिनं इतकी वर्षं दाबून ठेवला होता.

हाकवाली खडकावर खाली बसली. सून घाबरली, "आई, काय होतंय?" ती म्हणाली, "काही नाही. बऱ्याच वर्षांनी ऐकला."

लेक वळशानं आली नाही. ढासळलेल्या पायवाटेवरून, हातापायांनी धरत आली. उन्हं कलायच्या आत वर पोचली. कोपरं खरचटलेली, पदर काट्यांनी ओढलेला, सोबत कुणी नाही. तिच्या दारात कुणी जमलंच नव्हतं, कारण कुणाला काही कळलंच नव्हतं.

ती अंगणात आली. भट्टीच्या दारातून आत बघितलं. बाप डोळे मिटून पडलेला, हात पत्र्यावर. आई खाटेपाशी. लेक आत गेली नाही. अंगणातल्या दगडावर चढली, जिथं दुपारी आई उभी राहायची तिथं, आणि तिनं हाक मारली.

"बाबा..."

पत्रा थरथरला. लोहारानं डोळे उघडले. आधी पत्र्याकडे बघितलं, मग शेजारी बसलेल्या बायकोकडे, तिच्या मिटलेल्या ओठांकडे.

"तू तर इथं आहेस," तो म्हणाला. "मग हे कोण बोलतंय?"

हाकवालीनं दाराकडे बोट केलं.

लेक आत आली, खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि लहानपणीसारखा आपला तळवा बापाच्या तळव्याशेजारी पत्र्यावर ठेवला. लोहाराला बोलायचा त्रास होत होता, आणि त्या दोघांना बोलायची सवयही नव्हती.  मग हाकवालीचे ओठ हलले. लेकीला ऐकू आलं नाही. चार वस्त्यांना ऐकू जाणारी आई, तिचं बोलणं ऐकायला लेकीला आता खाटेवरून वाकून कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"हाक मी नव्हती टाकली," आई म्हणाली. "सुनेनं टाकली."

"शब्द तुझे होते," लेक म्हणाली. "मला कळलं. मला एकटीलाच कळलं, आई."

मुलगा संध्याकाळी पोचला. लोहार दुसऱ्या दिवशी गेला, ऊन भट्टीच्या उंबऱ्यावर आलं तेव्हा, सगळी जवळ असताना.

माथ्याला आणि पलीकडच्या वाडीला दुकानातून फोन गेले. खळग्याला कसं कळवायचं म्हणून कुंभार चप्पल शोधायला लागला, तेव्हा लेक उठली. "तुम्ही बसा काका. मी कळवते."

"तुझ्या वाडीवर हाक चालेल का?" हाकवालीनं विचारलं.

"ही चालेल," लेक म्हणाली.

दोघी सपाट खडकावर गेल्या. लेक आईसारखीच उभी राहिली, पण तोंड चुकीच्या बाजूला, आपल्या घराकडे. हाकवालीनं तिचे खांदे धरून तिला वळवलं आणि तळवा तिच्या पाठीवर, बरगड्यांच्या खाली ठेवला.

"मोठ्यानं नको," ती कुजबुजली. "लांब."

लेकीनं कड्याकडे बघत श्वास भरला. हाक बाहेर पडायच्या आधीच हाकवालीच्या हाताला कळली.